अवसेचं पाणी

आमच्या आजोळी गटारी कधी झालीच नाही. आषाढातली अवस आली की गावभर मटणाचा वास सुटायचा, श्रावण लागायच्या आत सगळे हात मारून घ्यायचे, आणि आजीकडे मात्र सकाळपासून चिंच लावून समया घासणं चालायचं. दुपारी कणकेचे दिवे उकडायचे. घरातले झाडून सगळे दिवे, कंदीलसुद्धा, पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहायचं. पूजा झाली की आजी त्यातली एक पणती उचलायची आणि मागच्या पडवीत, समुद्राच्या अंगाला नेऊन ठेवायची. वाऱ्याने विझू नये म्हणून बाजूला पाट उभा करायची आणि तेल संपेपर्यंत तिथेच बसून राहायची. ती पणती कुणाची हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. तरी माहीत होतं.

१७ जुलै १९४७. अवसेच्या तोंडावर, सणाला घरी निघालेल्या माणसांनी भरलेली ‘रामदास’ बोट सकाळी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली आणि वाटेत काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. आजीचा धाकटा भाऊ त्यांत होता. एकोणीस वर्षांचा. गोदीत चिकटून त्याला वर्षही झालं नव्हतं. पुढे कितीतरी दिवस किनाऱ्याला प्रेतं लागत राहिली. तो लागला नाही. आजी त्यानंतर पन्नास वर्षं समुद्राच्या काठी राहिली आणि एकदाही पाण्यात उतरली नाही. आम्हा नातवंडांना घोट्यापर्यंतची मुभा होती. पाणी गुडघ्याला लागलं की पडवीतून हाक यायची, आणि त्या हाकेत जे असायचं त्याने आम्ही धावत परत यायचो.

मराठीत जे बुडालं ते संपलं. धंदा बुडतो, ठेवी बुडतात, परीक्षेला बसता आलं नाही की वर्ष बुडतं, मागे कुणी उरलं नाही की कूळ बुडतं, आणि संध्याकाळ झाली की दिवसही बुडतो. बोटीच्या बाबतीत वर्तमानपत्रं जरा आदराने ‘जलसमाधी’ लिहितात. मला त्या शब्दाचा लहानपणापासून राग होता. समाधी घेणारा आपणहून बसतो. एकोणीस वर्षांच्या मुलाला कुणी विचारलं होतं?

असल्या घरातली मी, सत्तेचाळिसाव्या वर्षी पाठीवर हवेची टाकी बांधून बाली बेटाच्या किनाऱ्यावर एका बुडालेल्या जहाजापाशी उतरले.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. आमच्या प्रयोगशाळेतल्या काचेच्या कपाटात तिसऱ्या फळीवर एक पांढरा, भोकाभोकांचा, मेंदूसारख्या घड्यांचा दगड आहे. त्यावर चिठ्ठी: प्रवाळ. बावीस वर्षं मी तो मुलांच्या हातात देत आले आणि फळ्यावर त्यातल्या जिवाचं चित्र काढत आले. पिशवीसारखं अंग, वर एकच तोंड, तोंडाभोवती शुंडकं. एकेक जीव बहुधा तांदळाच्या दाण्यापासून चिंचोक्यापर्यंतचा. पण त्यांची वस्ती लाखोंची, आणि प्रत्येक जण आपल्या पायाखाली चुनखडी टाकत, वाडवडिलांच्या सांगाड्यावर घर चढवत जातो. मी ‘प्राणी’ म्हणायची, मुलं हातातल्या दगडाकडे बघायची, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो अविश्वास दिसायचा तो खरं तर माझाही होता. जिवंत प्रवाळ मी पाहिलंच नव्हतं. माझ्या ओळखीचं दुसरं पोवळं आजीच्या मंगळसूत्रातलं. दोन लाल मणी. दागिन्यातलं पोवळं भूमध्य समुद्रातल्या वेगळ्या जातीचं असतं, उष्ण समुद्रातल्या प्रवाळाशी त्याचं नातं लांबचं. तरी जी बाई समुद्राला पाय लावत नव्हती तिच्या गळ्यात समुद्राचे दोन तुकडे होते, हे मला फार उशिरा सुचलं, आणि तोवर विचारायला आजी उरली नव्हती.

पाण्याखाली पहिल्यांदा गेले ती मालवणला, सहलीबरोबर. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या खडकांवर प्रवाळ आहे. १९८७ पासून त्या भागात सागरी अभयारण्य आहे. ज्यांनी आम्हाला नेलं त्यांनी दहा मिनिटांत सूचना उरकल्या, टाकी चढवली, मानेपाशी धरून खाली नेलं आणि फोटोसाठी माझ्या मुठीत पाव दिला. मासे पावावर तुटून पडले. माझ्याबरोबरचा माणूस प्रवाळावर दोन्ही पाय रोवून उभा होता. जे बावीस वर्षं शिकवलं ते त्याच्या टाचेखाली होतं आणि तोंडात नळी असल्यामुळे मला बोलता येत नव्हतं. वर आल्यावर बोलले, चांगलं खडसावून बोलले. ‘मॅडम, दगड आहे तो,’ असं उत्तर आलं. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं, त्याला एकट्याला काय बोल लावायचा? पण मोसमात रोज त्या खडकांवर किती टाचा पडत असतील या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

त्या उत्तराने मला रीतसर शिकायला लावलं. तारकर्लीला पर्यटन महामंडळाचं स्कूबा प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे गेले. आई आठ दिवस माझ्याशी धड बोलली नाही.

या विद्येचा पहिला नियम: श्वास रोखायचा नाही. प्राणायामात कुंभक शिकलेल्या मला हे उलटं वाटलं, पण त्यामागचं गणित साधं आहे. दर दहा मीटरला दाब एका वातावरणाएवढा वाढतो. वीस मीटरवर छातीत भरते ती हवा वरच्या तिप्पट दाबाची असते. ती कोंडून वर आलं तर फुगत जाऊन फुप्फुस फाडते. म्हणून श्वास चालू ठेवायचा, आणि सावकाश. खाली तोलही श्वासच सांभाळतो. घेतला की क्षणभराने अंग उचलतं, सोडला की बसतं. हातपाय मारायची सवय ज्यांना लहानपणापासून असते त्यांना हे जड जातं म्हणतात. मला घोट्यापलीकडची सवयच नव्हती, त्यामुळे मला ते लवकर जमलं.

आता तुलाम्बेन. बालीच्या ईशान्य किनाऱ्यावरचं हे खेडं. वाळू जवळजवळ नाही. काळे, गुळगुळीत, नारळाएवढे गोटे, आणि लाट मागे सरताना त्यांचा खळखळाट. पाठीशी गुनुंग आगुंग, तीन हजार मीटर उंचीचा जागृत ज्वालामुखी. तिथल्या हिंदूंच्या लेखी तो मेरू पर्वताचा तुकडा. बाली माणूस दिशा सांगतो तीही डोंगरावरूनच. ‘काजा’ म्हणजे डोंगराकडे, ‘केलोद’ म्हणजे समुद्राकडे. देव काजाला. दहनानंतरची राख केलोदला, पाण्यात.

हवेच्या टाक्या इथे बायका डोक्यावरून आणतात. एकेक टाकी चौदा-पंधरा किलोची. कापडाची चुंबळ, तिच्यावर आडवी टाकी, आणि त्या निसरड्या गोट्यांवरून सरळ मानेने चाल. त्यांतली एक माझ्या आईच्या वयाची असावी. माझे पाय डळमळताना पाहून तिने डोक्यावरचं ओझं न उतरवता माझा दंड धरला आणि पाण्यापर्यंत पोचवलं. आमची भाषा एक नव्हती. तिने लाटेकडे बोट दाखवलं, तळहाताने ‘थांब’ म्हणाली, आणि दोन लाटा जाऊ दिल्यावर मला पुढे ढकललं.

किनाऱ्यापासून जेमतेम तीस मीटरवर लिबर्टी आहे. १९१८ साली न्यू जर्सीत बांधलेलं, सुमारे सव्वाशे मीटर लांबीचं मालवाहू जहाज. (दुसऱ्या महायुद्धात हजारोंनी बांधलेल्या ‘लिबर्टी’ वर्गातलं हे नव्हे, नाव तेवढं एक.) जानेवारी १९४२ मध्ये ते ऑस्ट्रेलियाहून रेल्वेचं सामान आणि रबर घेऊन फिलिपिन्सला निघालं होतं. ११ तारखेला लोम्बोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. एक अमेरिकी आणि एक डच विनाशिका त्याला ओढत सिंगाराजा बंदराकडे नेऊ लागल्या. पण आत पाणी इतकं भरलं की तुलाम्बेनच्या किनाऱ्यावर चढवून ठेवणं भाग पडलं. म्हणजे टॉर्पेडो खाऊनही ते बुडालं नव्हतं. एकवीस वर्षं ते काठावर गंजत राहिलं.

लोम्बोकची ही सामुद्रधुनी जीवशास्त्राच्या माणसाला वेगळ्या कारणाने माहीत असते. १८५६ साली आल्फ्रेड रसेल वॉलेस बालीहून लोम्बोकला गेला आणि एवढ्याशा पाण्यापलीकडे पक्षी बदललेले त्याने पाहिले. इकडे आशियाचे, तिकडे ऑस्ट्रेलियाच्या घराण्यातले. हे मी दर वर्षी शिकवते. त्याच सामुद्रधुनीतून प्रशांत महासागराचं पाणी हिंदी महासागरात उतरतं, म्हणजे फिरत फिरत आपल्याकडेच. हे मात्र मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं. काशाच्या खडकाचं पाणी आणि हे पाणी एकच, हे त्या गोट्यांवर बसले असताना मनात आलं आणि मग गेलंच नाही.

१९६३ साली आगुंगच्या उतारावरच्या बेसाकीह या मुख्य मंदिरात ‘एका दश रुद्र’ हा शतकातून एकदाच होणारा विधी मांडला होता. ते नाव ऐकून मी चमकले. श्रावणात आमच्याकडे लघुरुद्र होतो, तेच हे अकरा रुद्र. विधीच्या दिवसांतच ज्वालामुखी जागा झाला. १७ मार्चचा उद्रेक सर्वांत भयंकर. त्या साऱ्या काळात हजाराहून जास्त माणसं मेली. पुढे १९७९ मध्ये, शके १९०० संपता संपता, तो विधी पुन्हा झाला. शकही आपल्याच पंचांगातला. आणि त्या १९६३ च्या हादऱ्यांनी काठावरची लिबर्टी हलली, उतारावरून घसरली आणि पाण्यात गेली.

आमचा गाइड तिशीतला होता. त्याचे आजोबा, त्यांना ते पेकाक म्हणतात, लहानपणी त्या जहाजाच्या पोटात लपाछपी खेळलेले. उद्रेक झाला तेव्हा घरच्यांबरोबर पळाले. परतले तेव्हा शेत राखेखाली होतं आणि जहाज जागेवर नव्हतं.

‘पेकाक म्हणायचे, डोंगराने ते समुद्राला दिलं,’ गाइड म्हणाला.

मी विचारलं, ‘दिलं? समुद्राने नेलं असं नाही म्हणत?’

त्याने थोडा विचार केला. ‘नाही. दिलं.’

पहिल्याच दिवशी माझ्या हातून एक चूक झाली. जहाजाच्या शेजारी उथळ पाण्यात प्रवाळाची बाग म्हणतात तो भाग आहे. एका फांदीदार प्रवाळावरून जाताना मला निळा तारामासा दिसला. मान वळवली, त्या नादात श्वास पूर्ण सुटला, कंबर खाली गेली, आणि डाव्या पायाच्या फिनखाली काहीतरी मोडलं. पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने येतो, त्यामुळे तो कुठून आला हे कानांना ठरवता येत नाही. काडी मोडल्यासारखा तो बारीक आवाज मला चारी बाजूंनी ऐकू आला. वळून पाहिलं. वीतभर फांदी. वाढत्या टोकाशी फिकट निळी, आणि मोडलेल्या जागी आतला पांढरा दगड, आमच्या तिसऱ्या फळीवरचा. अशी फांदी वर्षाला काही सेंटीमीटर वाढते. गोल, भरीव प्रवाळ वर्षाला जेमतेम एक. मालवणला त्या माणसाला मी जे जे बोलले होते ते शब्दन् शब्द आठवलं. गाइडने काही खूण केली नाही. त्याने तो तुकडा दोन बोटांनी उचलला, खडकाच्या एका खाचेत तिरका बसवला, बोटाने हलवून पाहिला आणि पुढे निघाला. हलला नाही तर असा तुकडा धरतो, रोप खोचावं तसा. पुढचे सगळे दिवस जाता-येता मी ती खाच शोधून बघत असे. फांदी तिथे होती. तिचं टोक निळं होतं.

लिबर्टी पाहायची ती पहाटे. सूर्य लोम्बोकच्या बाजूने वर येतो आणि पाण्याचा काळा रंग हळूहळू निळा होतो. उतारावरच्या काळ्या रेतीत गवत डुलावं तसे बारीक वाम मासे उभे असतात. जवळ गेलं की एकेक करून जमिनीत जातात, अख्खं शेत मिटतं. त्यापलीकडे भिंत उभी राहते. जहाज एका कुशीवर आहे, वरची कड पाच-सात मीटरवर आणि तळ तीसच्या आसपास. पाण्यात डोळा फसतो, चार हातांवरचं तीन हातांवर दिसतं. त्यामुळे ती भिंत माझ्या अपेक्षेआधी समोर आली आणि मी थांबले. इतकी वर्षं बुडालेली बोट म्हटलं की माझ्या मनात काळोख, चिखल, अडकलेले हात असंच काही यायचं. इथे पत्रा कुठे दिसतच नव्हता. जिथे कठडा होता तिथे मऊ प्रवाळाची झुडपं. बरगड्यांसारख्या वाशांवरून समुद्री पंखे ओळीने लटकलेले. एका भोकातून केशरी रंगाच्या लहान माशांचा थवा बाहेर यायचा, आमच्या बुडबुड्यांना घाबरून आत जायचा, पुन्हा बाहेर यायचा.

मग पोपटमासे आले. त्यांतली सर्वांत मोठी जात, कपाळावर टेंगूळ असलेली. पूर्ण वाढलेला मासा सव्वा मीटरपर्यंत जातो. रात्री ते जहाजाच्या आडोशाला झोपतात आणि उजाडताच कळपाने चरायला निघतात, म्हशी निघाव्या तसे, घाई न करता, एकमेकांना घासत. चरतात काय, तर प्रवाळ. चोचीसारख्या दातांनी कडाकडा फोडतात, तो आवाज आधी येतो आणि मासा मागून दिसतो. त्यातला जीव पचवतात आणि चुना बारीक रेती करून मागे सोडतात. असा एक मासा वर्षात काही टन प्रवाळ खातो. उष्ण कटिबंधातल्या पांढऱ्या वाळूत, जिच्यावर लोक चटया टाकून पडतात, यांचा मोठा वाटा आहे. एक मासा माझ्या हाताच्या अंतरावर थांबला आणि डोळा फिरवून माझ्याकडे पाहू लागला. मी श्वास सोडला तेव्हा तो गेला.

खाली पंचविसेक मीटरवर गाइडने एका गुलाबी समुद्री पंख्यापाशी नेलं आणि धातूच्या काडीचं टोक एका काटकीवर धरलं. मला काही दिसेना. त्याने भिंग दिलं. बराच वेळ ती काटकी होती, आणि मग तिने मान वळवली. समुद्री घोडा, नखाएवढा. शेपटी काटकीला गुंडाळलेली, अंगावर गुलाबी फोड, पंख्यावरच्या मिटलेल्या जिवांच्याच आकाराचे आणि रंगाचे. ही जात शास्त्राला कळली तीच मुळी १९६९ मध्ये, न्यू कॅलेडोनियात तपासायला आणलेल्या एका पंख्याला ती चिकटून आली म्हणून. त्याच्याकडे पाहताना प्रवाहाने मला बाजूला नेलं. मी पंख्यापासून दूर राहावं म्हणून लोखंडाची एक उघडी कड धरली आणि अंगठा कापला. रक्त आलं ते हिरवट काळं. पाण्यात लाल रंग आधी गळतो. त्या खोलीवर कुंकूही राखेसारखं दिसेल. आजीचे मणी इथे असते तर कुणाला ओळखू आले नसते.

लोक म्हणतात, मग जुनी जहाजं बुडवत जा, प्रवाळ आपोआप येईल. जगात अनेक ठिकाणी मुद्दाम बुडवतातही. मला ते भरपाई म्हणून अजिबात पटत नाही. लिबर्टीवरचं प्रवाळ आभाळातून पडलेलं नाही. आसपासच्या खडकांवर जुनी वस्ती होती, तिथून अळ्या वाहत आल्या आणि लोखंडाला चिकटल्या. हा प्रदेश प्रवाळ त्रिकोणातला. जगातल्या दगडी प्रवाळांच्या सुमारे तीन-चतुर्थांश जाती या समुद्रांत आहेत. ती वस्ती मेली तर लोखंड नुसतं लोखंड राहील. आणि लोखंडही कायमचं नाही, दर वर्षी पत्रा पातळ होतो, कुठला तरी भाग आत कोसळतो.

वस्ती मरते कशी, तर उष्णतेने. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहतं. रंग बराचसा त्याचा, आणि अन्नाचा मोठा वाटाही त्याचाच. नेहमीच्या उन्हाळ्याच्या कमाल तापमानाहून पाणी एखाद्या अंशाने जास्त तापलं आणि काही आठवडे तसंच राहिलं की हा संसार मोडतो, शैवाल बाहेर टाकलं जातं आणि पारदर्शक कातडीखालून पांढरा सांगाडा दिसू लागतो. तेव्हा जीव मेलेला नसतो. उपाशी असतो. पाणी वेळेवर निवलं तर शैवाल परततं. नाही निवलं तर उरतो तो आमच्या कपाटातला दगड. १९९८, २०१०, २०१४ ते १७, अशा जगभरच्या तीन लाटा होऊन गेल्या होत्या. मी तुलाम्बेनला होते त्या २०२३ सालीच चौथी सुरू झाली, पुढच्या एप्रिलमध्ये तशी अधिकृत घोषणा झाली आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं. हे मी आता वर्गात शिकवते तेव्हा दगड मुलांच्या हातात देत नाही. टेबलावर ठेवते आणि आधी सांगते की हे घर आहे, यातलं कुणी आता घरी नाही.

सहलीतली १७ जुलै उजाडली. सकाळी आईचा फोन. ‘आज दिव्यांची अवस आहे. आणि तारीखही तीच आहे, लक्षात आलं का?’ तिथी आणि तारखा एकोणीस वर्षांनी पुन्हा जुळून येतात. १९४७ पासून अशा चार फेऱ्या पुऱ्या झाल्या होत्या. त्या संध्याकाळी आमचं रात्रीचं डायव्हिंग ठरलेलं. आई म्हणाली, ‘आज नको जाऊस.’ खोटं बोलावंसं वाटलं, पण नाही बोलले. जाणार आहे म्हटलं. ती गप्प झाली. मग म्हणाली, ‘बरं. पणती मी तू वर आल्यावर लावीन. आलीस की आधी फोन कर.’

संध्याकाळी गोट्यांवर त्याच टाकीवाल्या बाईने ताडाच्या पानाचा लहानसा द्रोण ठेवला. त्यात झेंडू, एक बिस्किट, चार शितं, वर पेटती उदबत्ती. समुद्राकडे तोंड करून ती क्षणभर उभी राहिली आणि टाकी आणायला गेली. मी त्या द्रोणाला नमस्कार केला.

रात्री चंद्र नव्हता. टॉर्चच्या उजेडात सगळं बदललेलं. जो लाल रंग दिवसा राखेसारखा होता तो लाल होता, तांबडा, केशरी, कुंकवाचा, कारण उजेड हातात होता आणि त्याला पाण्यातून लांब यायचं नव्हतं. लहान पोपटमासे सांदीत लाळेचं पातळ आवरण विणून त्यात झोपले होते. आणि प्रवाळ उघडलं होतं. दिवसा मिटलेली वस्ती रात्री शिकारीला हात बाहेर काढते. जहाजाच्या एका वाशावर केशरी वाटी-प्रवाळाचा झुबका होता, प्रत्येक वाटीतून पिवळी शुंडकं पसरलेली, मधोमध तोंड. पिशवीसारखं अंग, वर एकच तोंड, भोवती शुंडकं. बावीस वर्षं खडूने काढलेलं ते चित्र माझ्या डोळ्यांपुढे हलत होतं. पाण्यातला एक कण एका शुंडकाला लागला, ते वळलं, आणि कण आत गेला. मास्कमध्ये पाणी साचलं, ते बाहेरचं नव्हतं.

परतीच्या वाटेवर गाइडने खूण केली, टॉर्च छातीशी धरायचा. आम्ही उजेड दाबून टाकला. आधी काहीच नव्हतं. वर-खाली नाही, हात नाही, जहाज नाही. फक्त माझा श्वास आत येताना आणि बाहेर जाताना. आजीने हाक मारली असती ती याच्यासाठी. मग मी हात हलवला आणि बोटांच्या मागे ठिणग्या उठल्या. निळसर, बारीक, पेटून विझणाऱ्या. पाण्यातले सूक्ष्म जीव धक्का लागला की चमकतात. आपल्या किनाऱ्यालाही थंडीत कधी कधी लाटा अशा उजळतात. आम्ही पाच मीटरवर थांबलो, रक्तातला नायट्रोजन निघून जावा म्हणून तिथे तीन मिनिटं थांबायचं असतं. त्या तीन मिनिटांत मी हात हलवत राहिले. पाट उभा करायला वारा नव्हता.

बाहेर आले, टॉवेलसुद्धा न घेता फोन लावला. तिथे साडेआठ, म्हणजे आईकडे सहा. तिने लगेच उचलला.

‘आले वर.’

काडी ओढल्याचा आवाज आला. मग थोडा वेळ काहीच नाही. मग तिने विचारलं, ‘खाली फार काळोख असतो का गं?’

‘टॉर्च असतो. आणि पाण्यात दिवे असतात, आई. खरंच. बारीक बारीक.’

‘आणि थंडी?’

माझ्या अंगावर शहारे होते, दात वाजू नयेत म्हणून मी जबडा घट्ट धरला होता.

‘नाही,’ मी म्हटलं. ‘पाणी कोमट असतं.’

ती पुढे बोलली नाही. तिच्या गॅलरीतल्या पावसाचा आवाज येत होता.